मॉन्टगोमेरी काउंटीतील मिडल स्कूलची तुलना: घर ठरवण्यापूर्वी काय पाहावे

मेरीलँड राज्यातील मॉन्टगोमेरी काउंटीत, म्हणजे रॉकव्हिल, गेथर्सबर्ग, जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग या भागांत, नोकरीनिमित्त येणारी मराठी कुटुंबे दर उन्हाळ्यात एकच प्रश्न विचारतात: इथली चांगली मिडल स्कूल कोणती? या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येत नाही, आणि कोणी ते तसे दिले तर त्यावर विसंबून घर घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. सहावी, सातवी आणि आठवी ही तीन वर्षे आपले मूल ज्या शाळेत काढणार, ती शाळा किती नावाजलेली आहे यापेक्षा आपल्या मुलासारख्या मुलाला तिथे नेमके काय मिळेल, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. ज्या क्रमाने ही कामे करावीत, त्याच क्रमाने पुढे लिहिले आहे.

पहिली पायरी: पत्ता आणि शाळा यांचे नाते

महाराष्ट्रात आपण आधी शाळा निवडतो, अर्ज भरतो आणि प्रवेश मिळाला की रिक्षा किंवा व्हॅनची सोय पाहतो. इथल्या सरकारी शाळांत हा क्रम उलटा आहे. घराचा पत्ता ठरला की शाळा ठरते, आणि तिथे प्रवेश नाकारला जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही. मेरीलँडमध्ये २३ काउंट्या आणि बाल्टिमोर शहर अशा एकूण २४ शालेय व्यवस्था आहेत. रॉकव्हिल आणि गेथर्सबर्ग या शहरांना स्वतःची नगरपालिका असली, तरी त्यांचे वेगळे शिक्षण मंडळ नाही. त्या भागातल्या साऱ्या सरकारी शाळा मॉन्टगोमेरी काउंटी पब्लिक स्कूल्स, म्हणजेच एमसीपीएस, या एकाच व्यवस्थेखाली येतात. दोनशेहून अधिक शाळा, दीड लाखाहून अधिक विद्यार्थी आणि ४० मिडल स्कूल असा हा पसारा आहे. शिक्षकांची वेतनश्रेणी आणि शाळांची दिनदर्शिका काउंटीभर एकच असते, अभ्यासक्रमही बहुतांशी सारखाच असतो; त्यामुळे 'या शाळेत शिकवतात आणि त्या शाळेत शिकवत नाहीत' अशा टोकाच्या विधानांना फारसा आधार नसतो.

टपालाच्या पत्त्यातील गावाच्या नावावरून मात्र शाळेचा अंदाज बांधू नये. पत्त्यात गेथर्सबर्ग असलेली असंख्य घरे शहराच्या हद्दीबाहेर आहेत आणि ती वेगवेगळ्या मिडल स्कूलमध्ये विभागलेली आहेत. आम्ही आलो तेव्हा घरांच्या जाहिरातीत दिलेले शाळेचे नाव खरे मानून भाडेकरारावर सही केली होती. प्रवेशाचे कागद घेऊन गेलो, त्या दिवशी कळले की ते नाव रस्त्याच्या पलीकडच्या इमारतींना लागू होते आणि आमच्या इमारतीची शाळा दुसरीच होती. (ती दुसरी शाळाही उत्तम निघाली, पण तो दिवस आजही आठवतो.) म्हणून जाहिरात, घरमालक किंवा एजंट यांच्या शब्दावर न थांबता एमसीपीएसच्या संकेतस्थळावर पत्त्यावरून शाळा शोधण्याची जी सोय आहे, तिथे घर क्रमांक आणि रस्त्याचे नाव स्वतः भरून पाहावे. जे घर घेण्याचा विचार आहे त्याच क्रमांकाने शोधावे. शेजारच्या इमारतीचा क्रमांक चालत नाही.

दुसरी पायरी: मिडल स्कूलनंतरचे हायस्कूल

मिडल स्कूल एकटी पाहू नये. प्राथमिक शाळा, मिडल स्कूल आणि हायस्कूल यांची एक साखळी असते आणि तिला इथे क्लस्टर म्हणतात. काही मिडल स्कूलमधून सगळी मुले एकाच हायस्कूलमध्ये जातात, तर काही ठिकाणी वर्ग दोन हायस्कूलमध्ये विभागला जातो. उदाहरणार्थ, गेथर्सबर्गमधील लेकलँड्स पार्क मिडल स्कूलची मुले क्विन्स ऑर्चर्ड आणि नॉर्थवेस्ट अशा दोन हायस्कूलमध्ये जात आली आहेत. नव्या देशात येऊन अकराव्या वर्षी जमवलेले मित्र चौदाव्या वर्षी पुन्हा दुरावणे काही मुलांना जड जाते, तेव्हा हा मुद्दा किरकोळ समजू नये.

या हद्दी कायमच्या नसतात, हेही ध्यानात घ्यावे. गेथर्सबर्गमधील क्राउन येथील नवी इमारत आणि चार्ल्स वुडवर्ड हायस्कूलची पुनर्बांधणी यांच्या निमित्ताने काउंटीच्या मोठ्या भागातील हद्दींचा फेरविचार झाला आहे. त्यामुळे आज संकेतस्थळावर दिसणारी शाळा आपले मूल आठवीत असेल त्या वर्षीही तीच राहील का, हे शिक्षण मंडळाच्या ताज्या निर्णयांत तपासावे. दोन-चार वर्षांपूर्वी आलेल्या मित्राची माहिती याबाबत कितीही प्रामाणिक असली तरी जुनी असू शकते.

तिसरी पायरी: आकडे वाचण्याची रीत

सर्वाधिक गैरसमज आकड्यांतून होतात, म्हणून इथे थोडे थांबून वाचावे. राज्याचे शिक्षण खाते 'मेरीलँड रिपोर्ट कार्ड' या नावाने प्रत्येक सरकारी शाळेची माहिती प्रसिद्ध करते आणि शाळेला एक ते पाच तारे देते. हे तारे केवळ परीक्षेच्या निकालावर मिळत नाहीत. मिडल स्कूलच्या बाबतीत निकालाबरोबरच विद्यार्थ्यांची आदल्या वर्षाच्या तुलनेतील प्रगती, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांची वाटचाल, आणि हजेरी व शाळेतील वातावरण अशा बाबींचाही त्यांत वाटा असतो. घरांच्या जाहिरातीशेजारी दिसणारे खासगी संकेतस्थळांचे 'दहापैकी गुण' वेगळ्या पद्धतीने काढलेले असतात आणि त्यांवर परीक्षेच्या निकालाचा फार प्रभाव असतो. दोन्हींत तफावत दिसली तर राज्याचे पान उघडून मूळ आकडे पाहावेत.

राज्याच्या परीक्षेचे नाव एमकॅप आहे. सहावी ते आठवीच्या मुलांची ती दर वसंतात इंग्रजी आणि गणित या विषयांत होते, आठवीला विज्ञानाचीही असते, आणि निकाल चार पातळ्यांत लावला जातो. वरच्या दोन पातळ्यांत आलेली मुले अपेक्षित दर्जा गाठलेली मानली जातात. आता एखाद्या शाळेच्या पानावर 'आठवी, गणित' ही ओळ पाहा. चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या शाळेतही ती टक्केवारी इतकी खाली दिसते की नवखा पालक हादरून जातो. मीही हादरलो होतो. कारण मात्र साधे आहे. या काउंटीत गणितात पुढे असलेली बरीच मुले आठवीतच, आणि काही सातवीतच, हायस्कूलचा 'अल्जेब्रा १' (बीजगणित) हा विषय घेतात, आणि त्या मुलांना इयत्तेचा गणिताचा पेपर न देता अल्जेब्राचा पेपर द्यावा लागतो. मग 'आठवी, गणित' या ओळीत उरतात ती ज्यांनी अल्जेब्रा घेतलेले नाही तेवढीच मुले. म्हणजे शाळा जितक्या अधिक मुलांना अल्जेब्रापर्यंत नेते, तितकी ही ओळ वाईट दिसू शकते. म्हणून ती ओळ एकटी कधीच वाचू नये. बहुतेक सारी मुले एकच पेपर देतात अशा सहावीच्या गणिताची ओळ आधी पाहावी, मग अल्जेब्राच्या ओळीत किती मुलांनी परीक्षा दिली आणि त्यांतली किती वरच्या दोन पातळ्यांत आली हे दोन्ही आकडे पाहावेत. परीक्षा देणाऱ्यांची संख्या टक्केवारीइतकीच बोलकी असते.

दुसरी गोष्ट सरासरीची. शाळेची सरासरी तिथे कोणत्या घरची मुले येतात यावर बरीच अवलंबून असते. माफक दरात किंवा मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण, नुकतेच इंग्रजी शिकू लागलेल्या मुलांचे प्रमाण, हे आकडे निकालाच्या शेजारी ठेवूनच निकाल वाचावा. राज्याच्या पानावर गटवार निकाल मिळतात, आणि दोन शाळांमध्ये निवड करायची असेल तर आपल्या मुलाशी मिळत्याजुळत्या गटाचा निकाल दोन्हीकडे काढून फरक किती उरतो ते पाहावे. गट फार लहान असला तर विद्यार्थ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून आकड्याऐवजी चांदणीची खूण असते आणि टक्केवारी फार कमी असली तर 'पाच किंवा त्याहून कमी' असे लिहिलेले असते. चांदणी म्हणजे माहिती लपवली असा अर्थ घेऊ नये.

याखेरीज एमसीपीएस स्वतः प्रत्येक शाळेचे एक संक्षिप्त पत्रक दरवर्षी काढते. त्यात पटसंख्या, हजेरी, निलंबनाचे प्रमाण, शिक्षकांचा अनुभव आणि वर्षाच्या मध्ये आलेल्या-गेलेल्या मुलांचे प्रमाण दिलेले असते. हा शेवटचा आकडा जास्त दिसला की बरेच पालक नाक मुरडतात. माझे मत वेगळे आहे. जानेवारीत भारतातून थेट सहावीच्या मध्यात येणाऱ्या मुलासाठी अशी शाळा अनेकदा सोयीची पडते, कारण तिथल्या समुपदेशकांना आणि शिक्षकांना नव्या मुलाला वर्गात सामावून घेण्याचा सराव असतो. उलट जिथे सगळी मुले बालवाडीपासून एकत्र आहेत, तिथे मधल्या सुट्टीत जेवायला कोणासोबत बसायचे हाच प्रश्न महिनाभर पुरतो. शिक्षकांच्या अनुभवाचा आकडा मात्र मी नेहमी पाहतो. नव्या शिक्षकांचे प्रमाण सलग काही वर्षे फार जास्त असेल, तर त्याचे कारण भेटीच्या वेळी विचारावे.

चौथी पायरी: पत्त्यापलीकडचे पर्याय

नेमलेल्या शाळेव्यतिरिक्त काही मार्ग आहेत. निकषांवर आधारित मॅग्नेट कार्यक्रम, म्हणजे ठरावीक विषयांवर भर देणारे विशेष वर्ग, चार मिडल स्कूलमध्ये चालत आले आहेत: गणित, विज्ञान आणि संगणकासाठी काउंटीच्या दक्षिण भागात टाकोमा पार्क आणि उत्तर भागात रोबर्टो क्लेमेंटे, तर भाषा आणि सामाजिक शास्त्रांसाठी दक्षिणेत ईस्टर्न आणि उत्तरेत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर. काउंटीच्या शाळांतील पाचवीच्या मुलांचा विचार यासाठी आपोआप होतो आणि निकषांत बसणाऱ्या मुलांतून सोडतीने निवड केली जाते. बाहेरून येणाऱ्या मुलाच्या पालकांना मात्र स्वतःहून विचारणा करावी लागते, आणि तीही आदल्या शरद ऋतूत. सोडत असल्यामुळे निवड न होणे म्हणजे मूल कमी पडले असे नाही, हे मुलाला आधीच समजावून सांगावे.

अर्जाइल, लॉइडरमन आणि पार्कलँड या तीन शाळांचा एक वेगळा गट आहे. त्यांपैकी पहिल्या शाळेत डिजिटल रचना, दुसरीत सादरीकरणाच्या कला आणि तिसरीत अवकाश तंत्रज्ञान यांवर भर असतो, आणि त्या परिसरातील मुले पसंतीक्रम देतात. विशिष्ट अडचणीपोटी नेमलेली शाळा बदलून मागण्याचीही सोय आहे. त्याचे अर्ज साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत घेतले जातात, कारण सबळ असावे लागते, आणि मंजुरी मिळाली तरी शाळेची बस मिळत नाही. 'आधी स्वस्त घर घेऊ, मग बदली मागू' हा बेत करू नये.

नातेवाइकांचा पत्ता देण्याचा सल्ला कोणी दिला तर तो साफ नाकारावा. नातेवाइकांकडे खरोखर राहत असाल तर त्यासाठी रीतसर फॉर्म आहे. खोटा पत्ता आढळला तर शिकवणीचे पूर्ण शुल्क भरावे लागू शकते, आणि मुलाला वर्षाच्या मध्ये शाळा सोडावी लागते ते वेगळेच.

पाचवी पायरी: रस्ता

मिडल स्कूलपासून दीड मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांना साधारणपणे बस मिळत नाही. वाटेत धोका आहे असे ठरवलेले भाग याला अपवाद असतात. दीड मैल म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. नकाशावर हे अंतर सोपे दिसते. पण वाट रूट ३५५ किंवा ग्रेट सेनेका हायवेसारखा रुंद रस्ता ओलांडून जात असेल, मध्ये पदपथ तुटत असेल आणि जानेवारीत कडेला बर्फाचे ढीग असतील, तर ते अंतर तेवढेच राहत नाही. मिडल स्कूल साधारण सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरते आणि दुपारी तीनच्या सुमारास सुटते. शक्य असेल तर घर घेण्यापूर्वी एखाद्या कामाच्या दिवशी त्याच वेळी ती वाट स्वतः चालून पाहावी. आई-वडील दोघेही नोकरीत असतील तर तीननंतरचे काय, हेही ठरवावे. शाळेतले क्लब संपल्यावर मुलांना घरी सोडणारी उशिराची बस कोणत्या वारी असते, ते शाळेच्या कार्यालयात फोन करून कळते.

सहावी पायरी: शाळेला भेट आणि प्रश्न

यादी दोन-तीन पत्त्यांवर आली की शाळेच्या कार्यालयात फोन करून समुपदेशकांची वेळ मागावी. 'तुमची शाळा चांगली आहे का' असे विचारून काही हाती लागत नाही. त्याऐवजी असे विचारावे: वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाचा गणिताचा वर्ग कशावरून ठरवता? पुढच्या वर्गाची चाचणी मागता येते का, आणि ती कधीपर्यंत? आठवीतील किती मुले अल्जेब्रा घेतात? सहावीत परदेशी भाषा घेता येते का? वाद्य कधीच हातात न धरलेल्या मुलाला बँड किंवा ऑर्केस्ट्रात सुरुवातीच्या वर्गात घेतात का?

गणिताचा प्रश्न आपल्या मुलांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. सहावीत नेहमीचे गणित आणि त्याहून वेगाने जाणारे गणित असे दोन मार्ग असतात, आणि वेगवान मार्गाने गेलेली मुले आठवीत, किंवा त्याआधीही, अल्जेब्रापर्यंत पोहोचतात. भारतातून आलेले मूल आकडेमोडीत बहुधा पुढे असते, परंतु 'तुझे उत्तर बरोबर का, ते वाक्यांत लिही' असे म्हटले की इंग्रजीमुळे अडखळते आणि खालच्या वर्गात ठेवले जाते. जुन्या शाळेतील गणिताच्या वह्या, पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेची छायाप्रत आणि गुणपत्रिका सोबत न्याव्यात, आणि चाचणीची विनंती ईमेलने लेखी करावी. माझ्या माहितीतल्या एका मुलीने सहावीच्या पुस्तकातील पूर्णांक संख्यांचे प्रकरण असलेली वही दाखवली, तेव्हा समुपदेशकांनी त्याच आठवड्यात चाचणी लावली.

आवारात फिरताना तात्पुरत्या वर्गखोल्या किती आहेत ते पाहावे, म्हणजे शाळेत गर्दी किती आहे याचा अंदाज येतो. जेवणाच्या सुट्टीची वेळ मिळाली तर फारच चांगले. शाकाहारी मुलाला तिथे रोज काय खाता येईल, हे छापील यादीपेक्षा तिथे उभे राहून लवकर कळते.

सातवी पायरी: प्रवेशाचे कागद

परदेशातून थेट येणाऱ्या मुलांचा प्रवेश शाळेत न होता आधी रॉकव्हिलमधील आंतरराष्ट्रीय प्रवेश कार्यालयामार्फत होतो. तिथे मुलाचा पासपोर्ट किंवा जन्मदाखला, पालकांचे ओळखपत्र, काउंटीत राहत असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा घराच्या मालमत्ता कराचे बिल, जुन्या शाळेच्या गुणपत्रिका आणि लसीकरणाची नोंद लागते. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत असेल तर निघण्यापूर्वीच त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात शाळा सुरू होतात आणि त्याआधीचे तीन आठवडे या कार्यालयात फार गर्दी असते, म्हणून जुलैमध्ये आलात तर जुलैमध्येच वेळ घ्यावी.

लसीकरणात दोन ठिकाणी हमखास अडते. पहिले म्हणजे कांजिण्यांची लस. भारतातील सरकारी लसीकरण कार्यक्रमात ती नाही, त्यामुळे अनेक मुलांच्या कार्डावर तिची नोंदच नसते. मेरीलँडमध्ये मिडल स्कूलच्या मुलांना तिचे दोन डोस लागतात. मुलाला कांजिण्या येऊन गेल्या असतील तर तसा वैद्यकीय पुरावा चालतो. सातवीत जाणाऱ्या मुलाला धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची एकत्रित लस आणि मेंदूज्वराची एक लस आवश्यक असते. दुसरी अडचण तारखांची. आपल्या डॉक्टरांनी 'पाच ऑगस्ट' असे ०५/०८ लिहिलेले इथे आठ मे म्हणून वाचले जाते, आणि मग दोन डोसांमधले अंतर चुकीचे ठरून लस पुन्हा घ्यावी लागते. जुन्या डॉक्टरांकडून महिन्याचे नाव अक्षरांत लिहिलेली स्वच्छ प्रत, सही-शिक्क्यासह, आणावी.

घरी कोणती भाषा बोलता, असे फॉर्मवर विचारले जाईल. तिथे निःसंकोच मराठी लिहावे. त्यामुळे मुलाची इंग्रजीची चाचणी होऊ शकते आणि गरज असल्यास इंग्रजीचा वेगळा तास मिळू शकतो. हा शिक्का नव्हे. पुरेसे इंग्रजी आले की मूल त्यातून बाहेर पडते, आणि पालकांना ही मदत नाकारण्याचाही अधिकार आहे. मात्र हा तास घेतल्याने कोणता ऐच्छिक विषय सुटेल, एवढे आधी विचारून घ्यावे.

प्रवेश झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत पेरेंटव्ह्यू या पालकांच्या खात्यात जाऊन मुलाचे वेळापत्रक उघडावे आणि गणिताच्या वर्गाचे नाव समुपदेशकांशी बोलणे झाले होते तेच आहे का, ते पाहावे. नाव वेगळे असेल तर त्याच दिवशी लिहावे, कारण सप्टेंबर उलटला की वर्ग भरलेले असतात आणि बदल अवघड होतो.